मुंग्या, मोड आणि बाबा

पंचावन्न इंची टीव्ही भिंतीवर चढला, ईएमआय सुरू झाला आणि बाबा म्हणाले, ‘आपला जुनाच बरा होता!’ मग सुरू झाली चांगल्या चित्राची शोधमोहीम. ती संपली मात्र भलत्याच ठिकाणी...

‘आलं का?’

‘आलं... आलं... गेलं!’

‘आता?’

‘मुंग्या!’

तुमचं बालपण नव्वदच्या दशकात गेलं असेल, तर हा संवाद कसला हे तुम्हाला सांगायला नको. आमच्या कोथरूडच्या बिल्डिंगमध्ये याचे प्रयोग दर रविवारी सकाळी व्हायचे. पात्रं तीन. गच्चीवर अँटेनाचा पाइप धरून उभे असलेले बाबा, जिन्याच्या खिडकीतून निरोप वर-खाली पोचवणारी आई, आणि टीव्हीसमोर मांडी घालून बसलेली मी. वय वर्षं सहा, पद चीफ क्वालिटी ऑफिसर! दूरदर्शनचा टॉवर सिंहगडावर, त्यामुळे अँटेनाचं तोंड सिंहगडाकडे हवं. वारा सुटला किंवा एखादा जाडजूड कावळा येऊन बसला, की ते फिरायचं आणि पडद्यावर मुंग्या धावायला लागायच्या. मग बाबा लुंगी सावरत पुन्हा गच्चीवर.

बाबा बँकेत होते, इलेक्ट्रॉनिक्सशी संबंध शून्य. पण त्यांचा एक फंडा होता आणि तो अख्ख्या बिल्डिंगला पाठ होता. ‘चित्र बिघडलं की टीव्हीला थपडा मारायच्या नाहीत. वरून सुरुवात करायची. आधी अँटेना, मग वायर, मग बूस्टर. टीव्ही सगळ्यात शेवटी.’

पुढे केबल आली, अँटेना भंगारात गेली. मी इंजिनीअर झाले आणि हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगला लागले. म्हणजे बघा, सहाव्या वर्षी जे फुकट करत होते, त्याचाच आता पगार मिळतो. समोर काय दिसतंय ते नीट बघायचं आणि वेळेवर ‘मुंग्या!’ असं ओरडायचं. हे सगळं सांगायचं कारण, याच कामात मी सपशेल नापास झाले. तेही ऑफिसात नाही, घरात.

शोरूममधली जादू

कोथरूडची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली आणि आई-बाबा दोनेक वर्षांसाठी आमच्या वाकडच्या फ्लॅटवर राहायला आले. त्याच मुहूर्तावर, दसऱ्याला, नवऱ्याने आणि मी मोठा टीव्ही घ्यायचं ठरवलं.

टीव्हीच्या शोरूममध्ये तुम्ही गेलाच असाल. भिंतभर टीव्ही, आणि सगळ्यांवर तेच ते. मधाची धार, कापलेली किवी, रंगीबेरंगी पोपट. डोळे दिपून जातात! दिपतात ते मुद्दामच. दुकानात डोक्यावर लख्ख दिव्यांची रांग असते. त्या उजेडात उठून दिसण्यासाठी टीव्हीला पूर्ण ताकदीने ओरडावं लागतं. म्हणून तिथे ब्राइटनेस शेवटच्या टोकाला, रंग गडद आणि पांढरा रंग निळसर ठेवलेला असतो. दहा टीव्ही शेजारी शेजारी असले की आपल्या डोळ्याला सगळ्यात उजळ आणि सगळ्यात निळसर तोच ‘भारी’ वाटतो. आपण तोच घेतो.

टीव्ही पहिल्यांदा सुरू केला की बरेचदा तो एक प्रश्न विचारतो. वापर कुठे, घरी की दुकानात? आमचा बसवायला आलेल्या मुलाला पुढच्या घरी पोचायची घाई होती. त्याने काय दाबलं देव जाणे. संध्याकाळी आमच्या बारा बाय सोळाच्या हॉलमध्ये चक्क दुकान लागलं होतं. मैदानावरचं गवत रेडियमचं, बातम्या सांगणारीचा चेहरा टोमॅटोसारखा आणि कसोटीतले पांढरे कपडे निळीत बुडवून काढलेले.

आई म्हणाली, ‘छान आहे, पण डोळ्यात घुसतंय गं.’

बाबा बाजूच्या दिवाणावर बसून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, ‘आपला जुनाच बरा होता. हे धूसर आहे.’

‘बाबा, हा फोर-के आहे. तुम्हाला सवय नाहीये अजून.’

आमच्या ऑफिसच्या भाषेत याला ‘यूजर एरर’ म्हणतात. वापरणाऱ्याचीच चूक, पुढचा बग आणा!

एका ठिपक्याचे वीस

तिसऱ्या दिवशी वर्क फ्रॉम होम होतं. दुपारी जेवताना बाबांच्या शेजारी दिवाणावर बसले आणि त्यांचं चॅनल बघितलं. बॉस, बाबांचं बरोबर होतं! चित्र जाम धूसर होतं. जुन्या एकवीस इंची टीव्हीवर हेच चॅनल झकास दिसायचं.

मग बाबांचाच फंडा लावला. वरून सुरुवात. वर अँटेना नव्हती, पण कोथरूडहून आलेला सेट-टॉप बॉक्स होता. जुना, साध्या एसडी चॅनलचा. आणि तो टीव्हीला जोडलेला कशाने? तर पिवळ्या, लाल, पांढऱ्या टोकांच्या त्या ऐतिहासिक वायरने.

इथे थोडं गणित करू या, घाबरू नका. आपल्याकडच्या एसडी चित्रात ठिपके जास्तीत जास्त ७२० गुणिले ५७६, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आत. फोर-के पडद्यावर ठिपके ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख. बरोब्बर वीस पट! याचा अर्थ, बॉक्समधून एक ठिपका आला की टीव्हीने त्याचे वीस करायचे. उरलेले एकोणीस तो आणणार कुठून? अंदाजाने भरणार. एक वाटी आमटी वीस जणांना वाढायची तर पाणीच घालावं लागतं. छोट्या टीव्हीवर ते पाणी कळत नव्हतं, पंचावन्न इंचावर लगेच कळतं. म्हणजे टीव्ही जितका मोठा आणि चांगला, तितकं वाईट चित्र जास्त वाईट दिसणार.

एचडी बॉक्स आणला, एचडीएमआय केबलने जोडला आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन आउटपुट १०८० केलं. तरी बाबांचं चॅनल तसंच! दोन दिवस डोकं खाजवल्यावर ट्यूब पेटली. एकाच चॅनलचे एसडी आणि एचडी असे दोन वेगळे नंबर असतात, आणि बाबांच्या बोटांना जुनाच नंबर पाठ होता. डायरीत नवे नंबर लिहून दिले. एकूण सुधारणेतली निम्मी इथेच झाली. टीव्हीला हात न लावता.

याच भरात एक बावळटपणाही केला. दुकानदाराने ‘मॅडम, पिक्चर क्वालिटी वाढेल’ म्हणत सोन्याचा मुलामा दिलेली महागडी एचडीएमआय केबल गळ्यात मारली. एचडीएमआयमधून जातात ते आकडे. ते पोचतात किंवा पोचत नाहीत. केबल कमी पडली तर चित्र तुटतं, चमचमतं किंवा गायब होतं. पण बरोबर पोचलेला आकडा सोन्यामुळे जास्त सुंदर होत नाही. फोर-केला पुरेल अशी साधी प्रमाणित केबल घ्या आणि वाचलेल्या पैशात डोसा खा.

ओटीटीचीही तीच गत. ‘फोर-के सिनेमा’ असं नुसतं लिहिलेलं असून भागत नाही. तुमचा प्लॅन फोर-केचा आहे का, अॅपमध्ये डेटा वाचवण्याचा पर्याय चालू राहिलाय का आणि वाय-फाय टीव्हीपर्यंत धड पोचतंय का, हे बघावं लागतं. फोर-केसाठी सेकंदाला १५ मेगाबिट किंवा त्याहून जास्त वेग असावा, असं नेटफ्लिक्स सांगतं. आमचा राउटर बेडरूममध्ये कपाटामागे होता. तो बाहेर आला आणि सिनेमाच्या सुरुवातीचा तो दोन मिनिटांचा धुरकटपणा गेला.

सिनेमाची सिरीयल झाली

शनिवारी रात्री नवऱ्याने ‘तुंबाड’ लावला. २०१८चा, राही अनिल बर्वेचा. त्यातला पाऊस, चिखल, तो करडा अंधार थिएटरमध्ये बघून आम्ही गार पडलो होतो. घरी काय दिसलं? कुणीतरी व्हिडिओ कॅमेरा घेऊन शूटिंगला गेलंय आणि आपण सेटवर उभे आहोत! सगळं इतकं गुळगुळीत सरकत होतं, की भीती वाटायच्या ऐवजी ब्रेकमध्ये साबणाची जाहिरात येईल असं वाटत होतं.

याला टीव्हीवाले मोशन स्मूदिंग म्हणतात. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं असतात. टीव्हीचा पडदा मात्र सेकंदाला ६० किंवा १२० वेळा बदलू शकतो. मग टीव्ही दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये स्वतः बनवलेली खोटी चित्रं घुसवतो. हालचाल तुपात घोळल्यासारखी होते आणि सिनेमाचा सिनेमापणा जातो. सिनेमावाले यावर इतके वैतागले होते, की डिसेंबर २०१८मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॉरी यांनी खास व्हिडिओ काढून ‘हे बंद करा’ अशी विनंती लोकांना केली होती. पंचाईत अशी, की प्रत्येक कंपनीने याचं वेगळं बारसं केलंय. एलजीचं ‘ट्रूमोशन’, सोनीचं ‘मोशनफ्लो’, सॅमसंगचं ‘ऑटो मोशन प्लस’ किंवा नंतरचं ‘पिक्चर क्लॅरिटी’. नाव काहीही असो, सिनेमाच्या वेळी बंद! क्रिकेटला थोडं चालतं.

त्या रात्री मी मेन्यूत शिरले ती दोन वाजताच बाहेर आले. आधी व्हिव्हिड मोडला नारळ दिला आणि मूव्ही मोड लावला. काही टीव्हींत याला सिनेमा म्हणतात. नव्या टीव्हींत तर फिल्ममेकर मोड नावाचाच पर्याय असतो. टीव्ही कंपन्या आणि स्टुडिओ ज्यात आहेत त्या यूएचडी अलायन्सने तो २०१९मध्ये जाहीर केला, आणि मार्टिन स्कॉर्सेसी, ख्रिस्तोफर नोलन यांच्यासारख्यांनी त्याला पाठिंबा दिला. कल्पना साधी आहे. दिग्दर्शकाने जे बनवलं ते दाखवा, तुमची अक्कल मध्ये घालू नका.

मग कलर टेम्परेचर. सिनेमा आणि टीव्हीसाठी पांढरा म्हणजे नेमका कोणता पांढरा, याचा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. साधारण ६५०० केल्व्हिन. टीव्हीतला ‘कूल’ पर्याय त्याहून बराच निळा असतो. ‘वॉर्म’ पर्याय बहुधा दंडकाच्या सगळ्यात जवळ असतो. फक्त कूलची सवय झालेल्या डोळ्यांना तो सुरुवातीला पिवळा वाटतो. तीन-चार दिवस कळ काढायची, मग कूलच विचित्र दिसायला लागतो.

पुढची पाळी शार्पनेसची. नाव ऐकून वाटतं जितका जास्त तितकं बरं. पण तो नवीन बारकावे आणत नाही, असलेल्या कडांना पांढरी किनार काढतो. कार्टूनला लहान मुलं काळ्या स्केचपेनने बॉर्डर काढतात ना, तसं. आमच्या टीव्हीवर शार्पनेस शून्याजवळ आणला आणि चेहऱ्यावरचं ते कोरडं खरखरीतपण गेलं. ऊर्जाबचतीचा पर्याय आपल्याआपण पडदा अंधुक करत होता, संध्याकाळपुरता तोही बंद केला.

दुसऱ्या दिवशी ‘तुंबाड’ पुन्हा लावला. पाऊस परत आला! चिखल चिखलासारखा आणि अंधारात हळूहळू आकार दिसणारा वाडा. मी आणि नवरा जाम खूश.

बाबा म्हणाले, ‘आता तर काहीच दिसत नाही.’

मोडची मारामारी

इथून आमच्या घरात शीतयुद्ध सुरू झालं. सकाळी आठला बाबा रिमोट घेऊन व्हिव्हिड लावणार, रात्री नऊला मी मूव्ही. बाबांना तो मेन्यूचा रस्ताही पाठ झाला होता. सेटिंग्ज, पिक्चर, मोड, डावीकडे दोनदा. सत्तरीला टेकलेला माणूस टेक्नॉलॉजी कशी शिकतो म्हणता? असा!

‘बाबा, तुम्ही बघता ते चुकीचं आहे. रंग असे नसतात.’

‘असतील नसतील. मला दिसतं तरी.’

‘चार दिवस बघा, सवय होईल.’

‘तीन आठवडे झाले, बाळ.’

हे वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. आता लिहिताना हात थांबतो, कारण माझ्या ज्युनिअरने असा रिपोर्ट दिला असता तर मी लगेच विचारलं असतं, की सगळ्यांना चार दिवसांत सवय होते, मग या एकाच यूजरला तीन आठवड्यांत का नाही?

मी काय केलं? वर्कअराउंड शोधला. बऱ्याच टीव्हींत प्रत्येक एचडीएमआयचं पिक्चर सेटिंग वेगळं लक्षात राहतं. बॉक्सच्या सॉकेटला बाबांचा व्हिव्हिड, ओटीटीला आमचा मूव्ही. भांडण मिटलं, घरात शांतता. आमच्या धंद्यात सगळे जाणतात, वर्कअराउंडने बग मरत नाही. तो फक्त दिसेनासा होतो.

डिसेंबरातल्या एका रविवारी मी काळ्या रंगाचं सेटिंग करायला बसले. बऱ्याच टीव्हींत ‘ब्राइटनेस’ नावाचं बटण उजेड वाढवत नाही, तर काळा किती काळा दिसावा ते ठरवतं. उजेडाचं बटण वेगळं असतं, बॅकलाइट नावाचं. काळं जास्त केलं तर अंधारातले बारकावे गिळले जातात, कमी केलं तर अंधार राखाडी होतो. एप्रिल २०१९मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा तो रात्रीच्या लढाईचा एपिसोड आला, तेव्हा जगभर लोक ‘काही दिसत नाही’ म्हणून ओरडले होते, आणि कॅमेरामन फेबियन वॅग्नरने लोकांच्या टीव्हीच्या सेटिंगकडे बोट दाखवलं होतं. तर हे सेटिंग जमवायला एक चाचणीचं चित्र मिळतं. काळ्या पडद्यावर काळपट पट्ट्या, प्रत्येक आधीच्यापेक्षा किंचित उजळ.

मला पहिल्या दोन सोडून सगळ्या दिसत होत्या. नवऱ्यालाही. बाबा दिवाणावर पेपर वाचत होते. सहज विचारलं, ‘बाबा, किती पट्ट्या दिसतात?’

‘चार. नाही, तीन. शेवटच्या.’

मला वाटलं, बाजूने बघतायत म्हणून. काही एलसीडी पॅनल्सचं असतं तसं, समोरून झकास आणि बाजूने फिकट. म्हणून त्यांना समोर सोफ्यावर बसवलं. बाल्कनीच्या काचेचं प्रतिबिंब पडत होतं, म्हणून पडदा ओढला. बॅकलाइट वाढवला.

‘तीनच,’ बाबा म्हणाले. आणि मग जरा चिडून, ‘हा टीव्हीच खराब आहे, बदलून आण.’

डिसेंबरातलं खळं

त्याच आठवड्यात जेवण झाल्यावर आम्ही दोघं बाल्कनीत उभे होतो. हवा मस्त गार, समोर पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र.

‘खळं पडलंय चंद्राला,’ बाबा म्हणाले. ‘कालही होतं. पाऊस येणार.’

डिसेंबरात पाऊस? मी वर पाहिलं. आकाश स्वच्छ. चंद्र सुपारीसारखा टणक, कडा एकदम कापलेली. खळं कुठेच नव्हतं.

‘बाबा, खाली त्या रस्त्यावरच्या दिव्याला पण आहे का?’

‘सगळ्यांनाच असतं की. हल्लीचे हे एलईडी दिवे. धूळ किती आहे हवेत, जिथे तिथे बांधकामं.’

माझ्या डोक्यात एकेक कडी जुळायला लागली. तीन पट्ट्या. तीन आठवडे. ‘हे धूसर आहे.’ आणि वर्षभरापूर्वी बाबांनी संध्याकाळी स्कूटर चालवणं बंद केलं होतं, ‘समोरच्या गाड्यांचे हेडलाइट फार बेकार झालेत’ म्हणून. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. खरंच बेकार झालेत म्हणून.

बॉक्स बदलला, केबल बदलली, राउटर हलवला, मोड, पॅनल, बॅकलाइट, खोलीतला पडदासुद्धा तपासला. बाबांच्या यादीतली प्रत्येक कडी तपासली. फक्त शेवटची सोडून. डोळा.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डाव्यात जरा कमी, उजव्यात बराच. घाबरण्यासारखं काही नाही, पण आणखी थांबू नका.

त्यांनी समजावलं ते मी जन्मभर विसरणार नाही. डोळ्यातलं भिंग वयानुसार जुन्या वर्तमानपत्रासारखं पिवळं आणि गढूळ होत जातं. निळा प्रकाश आत पोचायचा कमी होतो. उरलेला प्रकाश विखुरतो, म्हणून दिव्यांना खळी दिसतात आणि अंधारातले बारकावे पुसले जातात. हे इतकं सावकाश होतं, की मेंदू जुळवून घेत राहतो. माणसाला वाटतच नाही की आपलं काही बिघडलंय. वाटतं, जगच धूसर झालंय. चित्रकार क्लॉद मोनेला हेच झालं होतं. त्याची चित्रं तांबूस, मातकट होत गेली होती. १९२३मध्ये ऑपरेशन झालं आणि त्याला निळा रंग परत दिसायला लागला.

म्हणजे बाबा व्हिव्हिड लावत होते ते हट्टाने नाही. तो भडक निळसर उजेड त्यांच्या पिवळ्या भिंगातून जाऊन कुठे आमच्या साध्या चित्राइतका होत होता. त्यांच्या हाताशी तेवढं एकच बटण होतं.

रिक्षात मी म्हटलं, ‘बाबा, सॉरी. तुम्ही पहिल्या दिवसापासून सांगत होतात.’

‘मी टीव्हीबद्दल सांगत होतो,’ बाबा म्हणाले. ‘मला तरी कुठे माहीत होतं?’

पांढरी भिंत

जानेवारीत उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. वीसेक मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि बाबा हॉलमध्ये येऊन गप्पच बसले. मग एक डोळा झाकून बघायचे, मग दुसरा.

‘ही भिंत पांढरी आहे?’

‘हो. पहिल्यापासून.’

‘मला वाटायचं, तुम्ही क्रीम रंग लावलाय.’ उजवा डोळा झाकून, ‘आता चहात बुडवलेली.’ डावा झाकून, ‘आता पांढरी.’ अर्धा तास हा खेळ चालला. आईची राणी कलरची साडी, कुंडीतली गोकर्ण, स्वयंपाकघरातला गॅसचा निळा जाळ. शेजारी शेजारी ठेवून तुलना करायची ही पद्धत बाबांना कुणी शिकवली नव्हती. मी पगार घेऊन तेच करते.

फेब्रुवारीत दुसरा डोळा झाला. ड्रॉप्सचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटलं, आईने ते बँकेच्या शिस्तीने पाळलं. आणि एका संध्याकाळी बाबांनी मॅच लावली. त्यांच्या बॉक्सवर, त्यांच्याच व्हिव्हिडमध्ये.

‘अगं ए, हे काय भडक! हे मी बघत होतो?’

आई म्हणाली, ‘चार महिने.’

‘लग्नाच्या बँडसारखं दिसतंय. तो तुझा पिवळा मोड लाव बघू.’

मी रिमोट घेतला. सेटिंग्ज, पिक्चर, मोड, उजवीकडे दोनदा. गवत गवताच्या रंगावर आलं, कपडे पांढरे झाले. मी मागे वळून त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. तीस वर्षांपूर्वी ते गच्चीवर असायचे आणि मी टीव्हीसमोर. आता जागा बदलल्या होत्या.

‘आलं का?’ मी विचारलं.

बाबा थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘बॅकलाइट दोन पॉइंट वाढव. दिवसा खोलीत उजेड असतो.’

आणि मंडळी, अगदी बरोबर होतं ते!

चौकट : रविवारी अर्धा तास काढा

● वरून सुरुवात. बॉक्स एचडी आहे का, एचडीएमआयनेच जोडलाय का, आउटपुट १०८० किंवा त्याहून वर आहे का आणि तुम्ही चॅनलचा एचडी नंबर लावताय का, हे आधी बघा. ओटीटीचा प्लॅन आणि वाय-फायही तपासा.

● मोड. टीव्ही दुकानाच्या नाही, घरच्या वापरावर आहे याची खात्री करा. रात्री मूव्ही, सिनेमा किंवा फिल्ममेकर. भर दिवसा उजेडात स्टँडर्ड चालेल. व्हिव्हिड शोरूमसाठी ठेवा.

● चार बटणं. कलर टेम्परेचर वॉर्म. शार्पनेस कमी, पण काही टीव्हींत मधला आकडा म्हणजेच ‘शून्य’ असतो, तेव्हा कडांची पांढरी किनार जाईपर्यंतच खाली आणा. मोशन स्मूदिंग सिनेमाला बंद. ऊर्जाबचतीमुळे चित्र अंधुक होत असेल तर तेही बंद.

● कडा कापल्या जातायत? स्कोअरची पट्टी अर्धवट दिसत असेल तर ओव्हरस्कॅन चालू आहे. जुन्या डबा टीव्हींच्या काळातली ती सवय आहे. पिक्चर साइझमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ निवडा.

● खोली. फोर-के टीव्हीच्या इंचांच्या साधारण दीडपट अंतरावर बसा. ५५ इंचांना सुमारे सात फूट. समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब टाळा. रात्री पूर्ण अंधार करण्यापेक्षा टीव्हीच्या मागे एक मंद पांढरा दिवा ठेवा. डोळ्यांना आराम मिळतो आणि काळा रंग जास्त काळा वाटतो.

● शेवटची कडी. इतकं सगळं करूनही घरातलं कुणी ‘धूसर आहे’ म्हणत राहिलं, तर टीव्ही बदलायच्या आधी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या.